असईचा उतार

दिवे गेले ते बरंच झालं. माळवदावर अंथरुणं पडलीत, वारा थोडा सुटलाय, आणि तुमच्या हातातले मोबाईलही आता माना टाकायला लागलेत. या लेकरांनो, जवळ बसा.

काल सांजच्याला धाकटी शेतातून धापा टाकत आली. म्हणाली, बांधावर एक माणूस उभा आहे आणि माझ्याकडे टक लावून बघतोय. जाऊन पाहिलं तर बाभळीच्या खुंटावर माझीच पैरण वाळत होती. थोरला तेव्हापासून तिला चिडवतोय. त्याला मी गप्प केलं, कारण पोरगी एक वाक्य असं बोलून गेली की त्यात सगळी मेख आहे. ती म्हणाली, "आबा, मला त्याचे डोळे दिसले." पैरणीला डोळे कुठले? पण ती खोटं बोलत नव्हती. तिला ते दिसले होते. मग ते आले कुठून?

हे कळायला आधी आजीच्या डब्यातले दोन उडीद आणा. काळे, सालासकट. एक कोरा पांढरा कागद आणा आणि कंदील जवळ घ्या. आता कागदावर दोन्ही उडीद एका ओळीत ठेवा, मध्ये चार बोटांचं अंतर. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने डावीकडच्या उडदाकडे बघायचं आणि नजर तिथून हलवायची नाही. उजवीकडचा उडीद कडेला अंधूक दिसत राहील, त्याच्याकडे वळायचं नाही. आता हातभर अंतरावरून डोकं हळूहळू खाली आणा. वीतभराहून थोडं जास्त अंतर राहिलं की थांबा.

गेला ना उडीद? अजून खाली या. आला परत!

ही जादू नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो, त्यावर उजेड पडतो. त्या पडद्यावरून निघालेले सुमारे दहा लाख बारीक तंतू एका जागी गोळा होऊन मेंदूकडे जातात. जिथून ते बाहेर पडतात तिथे उजेड टिपणारी एकही पेशी नाही. म्हणजे प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्याला एक भोक आहे, राजाच्याही आणि रंकाच्याही. मारिओत नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात ते शोधून काढलं. त्याच्या आधी हजारो वर्षं माणसं त्या भोकासकट जगत आली, शिकार करत आली, सुईत दोरा ओवत आली, आणि कुणाला पत्ता नव्हता.

पण खरं नवल वेगळंच आहे. उडीद गेला तेव्हा त्याच्या जागी तुम्हाला काय दिसलं? भोक दिसलं का? काळोख दिसला का? पांढरा कागद दिसला. आता तेच उडीद आजीच्या हिरव्या लुगड्यावर ठेवून बघा. तिथे हिरवं दिसेल. त्या जागेची बातमी डोळ्याने मेंदूला दिलेलीच नाही. आजूबाजूला हिरवं आहे, म्हणजे इथेही हिरवंच असणार, असं मनाने ठरवलं आणि रंग भरून टाकला. तुम्हाला विचारलंही नाही.

तेवढंच नाही. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी आपल्याला स्वच्छ, रेखीव दिसतं ते जवळजवळ त्या नखाएवढंच. बाकी सगळं धूसर. नजर सेकंदाला सुमारे तीन वेळा इकडून तिकडे उडी मारते, तुकडे गोळा करते, आणि त्या तुकड्यांवरून मन अख्खं आभाळ, अख्खं शिवार उभं करतं. हेल्महोल्ट्झ नावाचा जर्मन शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात म्हणाला की बघणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान. आपल्या न्यायशास्त्रातले पंडित अनुमान शिकवताना डोंगरावरचा धूर दाखवतात. धूर दिसला, म्हणजे आग असणार. तसंच हे, फरक इतकाच की हा तर्क इतक्या झटक्यात होतो की तो तर्क आहे हेच आपल्याला कळत नाही. आपण म्हणतो, दिसलं.

सांजेचा अंधार, माणसाच्या उंचीचा खुंट, त्यावर दोन बाह्या. धाकटीच्या मनाने निकाल दिला: माणूस. आणि माणूस म्हटल्यावर डोळे आलेच. मनाने ते भरून टाकले.

आता तुम्ही म्हणाल, असलं अंदाजपंचे काम करणारं मन काय कामाचं? तर ऐका. याच अंदाजाने आपल्या जालना जिल्ह्यात एकदा एक लढाई फिरवली. आणि त्याच दिवशी, त्याच रानात, तोच अंदाज फसलाही.

भोकरदनला गेलात की गावाला लागून केळणा नदी दिसते. तीच केळणा पुढे असई नावाच्या गावाच्या दक्षिणेने जाते. उत्तरेने येते जुई. पुढे दोन्ही मिळतात, आणि मध्ये गाईच्या जिभेसारखी निमुळती जमीन राहते. आज तिथे नांगरट दिसेल, कापूस दिसेल, मक्याची धाटं दिसतील. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंद्यांची आणि नागपूरकर रघुजी भोसल्यांची फौज होती. कवायती पायदळच दहा हजारांच्या वर, पोहलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखाली. शंभराच्या घरात तोफा. घोडदळ तर कोसभर पसरलेलं. समोरून येत होता आर्थर वेलस्ली, चौतीस वर्षांचा, सात हजारांच्या आसपास माणसं घेऊन. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्यांत होता.

मधे केळणा. पावसाळ्याची अखेर, पात्रात पाणी. नदी पायी ओलांडता येते त्या जागेला आपण उतार म्हणतो. समोरच्या उतारावर मराठी तोफांचा मारा बसणार हे उघड होतं. तिथून जाणं म्हणजे मरण. वेलस्लीला खालच्या अंगाला दुसरा उतार हवा होता. त्याने वाटाड्यांना विचारलं. वाटाडे म्हणाले, नाही, दुसरा उतार नाही.

तो पुढे गेला आणि दुर्बिणीतून बघू लागला. उतार काही दिसला नाही. दिसली ती दोन गावं. एक अलीकडच्या काठावर, एक पलीकडच्या, अगदी समोरासमोर. इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावं पीपुलगाव आणि वारूर अशी लिहिली आहेत, म्हणजे आपलं पिंपळगाव आणि वरुड.

आता तुम्ही सांगा, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं वसली, तर त्यावरून काय कळतं? बरोबर! एकाची लेक दुसऱ्याच्या घरी दिलेली असणार. एकाची गुरं पलीकडच्या गायरानात जाणार. आठवड्याच्या बाजाराला, मयतीला, बारशाला माणसं येणार-जाणार. येणं-जाणं नसतं तर ती गावं अशी तोंडाला तोंड लावून वसलीच नसती. मग नदीत उतार असलाच पाहिजे. वेलस्ली परक्या मुलखातला, त्याला आपल्या सोयरिकी काय ठाऊक? पण एवढा तर्क त्याने केला. पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. न दिसलेला उतार त्याने दोन गावांच्या धुरावरून ओळखला, असंच म्हणा ना.

आणि लेकरांनो, पुढचं नीट ऐका. तो तर्कावर विसंबून फौज घेऊन पाण्यात घुसला नाही. आधी अधिकारी पाठवून खात्री करून घेतली. उतार निघाला. फौज पार झाली आणि मराठी सैन्याच्या बगलेवर येऊन उभी राहिली. पोहलमननेही कच्चं काम केलं नाही. त्याने भर मैदानात आपली पलटणं वळवून नवी फळी धरली. इतक्या चपळाईने हे लोक फिरतील असं वेलस्लीला वाटलं नव्हतं.

पुढे तोफांनी रान भाजून काढलं. आणि इथे आपल्या गोलंदाजांची गोष्ट येते, जी मला या सगळ्या लढाईत सगळ्यात मोठी वाटते. पायदळ मागे सरलं तरी गोलंदाज तोफा सोडून हलेनात. संगिनी अंगावर आल्या तेव्हा त्यांतले कितीतरी तोफांशेजारी पडून राहिले. इंग्रजी फळी त्यांच्या अंगावरून पुढे निघून गेली. मग ते उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला.

पुढे गेलेल्या शिपायांच्या डोळ्यांनी काय बघितलं होतं? तोफेशेजारी निपचित पडलेली माणसं. मनाने काय भरलं? मेली. उडीद गेला तिथे कागद भरावा तसं. वाकून नाडी बघायला कुणाला सवड होती? ज्या माणसाने दोन गावं बघून उतार ओळखला, त्यालाच आपल्या फौजेचा फसलेला अंदाज निस्तरायला मागे फिरावं लागलं, गेलेल्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या.

शेवटी हार आपली झाली. ९८ तोफा इंग्रजांनी घेतल्या. पण त्यांची मेलेली, जखमी झालेली आणि हरवलेली माणसं मिळून १,५८४ भरली, एवढ्याशा फौजेत. आपली तर हजारोंनी पडली. असईला गेलात तर रानात उभं राहून त्या गोलंदाजांना हात जोडा. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मधल्याने विचारलंय की पण ते उठताना कुणालाच कसे दिसले नाहीत? चांगला प्रश्न आहे. पुढे गेलेल्यांची पाठ होती हे खरं. पण नजर समोर असली तरी माणूस बघतोच असं नाही. लक्ष हे बॅटरीच्या झोतासारखं असतं. झोत जिथे पडला तिथलं लख्ख, आणि दोन पावलांवरचा खड्डा काळोखात.

१९९९ साली अमेरिकेत सायमन्स आणि शाब्रिस या दोघांनी एक प्रयोग केला. एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतली माणसं चेंडू एकमेकांकडे टाकतायत. बघणाऱ्याने पांढऱ्यांचे झेल मोजायचे. मध्येच गोरिलाचं सोंग घेतलेली एक बाई त्यांच्यातून चालत येते, मधोमध थांबते, छाती बडवते आणि निघून जाते. बघणाऱ्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! मागाहून फिल्म दाखवली तेव्हा त्यांना पटेना. डोळे उघडे होते, नजर पडद्यावर होती, पण लक्ष झेलांवर होतं. जालन्याच्या मोसंबीच्या बाजारात मी बघितलंय, ढीग मोजणाऱ्या माणसाशेजारी सख्खा भाऊ येऊन उभा राहिला तरी मोजणी संपेपर्यंत त्याला पत्ता नसतो.

पण लक्ष अगदीच आंधळं नाही. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पाय ठेवायला जागा नसते. ढोल, भोंगे, पेढेवाल्यांची ओरड, हजार माणसांचा गलका. त्यातून तुमच्या आईला काय ऐकू येतं? दहा माणसांच्या पलीकडून कुणी तिच्या नावाने हाक मारली तर ती गर्रकन वळते. चेरी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हेच तपासलं. दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडायची आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगायचं. दुसऱ्या कानातलं बोलणं माणसाला जवळजवळ काहीच सांगता येईना. पण १९५९ मध्ये मोरे नावाच्या संशोधकाने त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तेव्हा तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. म्हणजे मनाच्या दारावर एक राखणदार बसलेला असतो. तो बहुतेकांना परत पाठवतो, ओळखीच्याला आत सोडतो. आणि थोरल्या, तुला हे बजावून सांगतो: मोटारसायकलवर फोन कानाला लावलास की तो राखणदार फोनपाशी जाऊन बसतो. समोर आलेली बैलगाडी डोळ्यांत शिरते, पण तुझ्यापर्यंत पोचत नाही.

आता आठवणीकडे येऊ, कारण खरं सांगायचं तर मला त्याचसाठी तुम्हाला जवळ बसवायचं होतं.

आधी तुमच्या पाठांतराचं बोलू. आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांचे मनाचे श्लोक २०५ आहेत. आजीला ते सगळे येतात, आणि तीच आजी चष्मा कुठे ठेवला ते दिवसातून चार वेळा विचारते. कसं काय? मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये दाखवलं की माणसाच्या मनात एका वेळी सातच्या आसपास सुट्या गोष्टी मावतात. पण सुट्या गोष्टींची जुडी बांधली की जुडी एकच धरली जाते. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. एका चरणात बारा अक्षरं. ती बारा सुटी नाहीत, तीन-तीनच्या चार जुड्या आहेत, एक आखूड आणि दोन लांब, एक आखूड आणि दोन लांब. अशा चार चरणांची एक पेंढी. कडबा बांधतो तसं रामदासांनी बांधून दिलंय, म्हणून साडेतीनशे वर्षं सुटलं नाही. चष्म्याला कुणी वृत्तात बांधलेलं नाही.

पण जे वृत्तात बांधलेलं नसतं, साधं घडलेलं असतं, ते कसं टिकतं?

भोकरदन तालुक्यात जाळीचा देव आहे. महानुभाव पंथाचं मोठं ठाणं. श्रीचक्रधरस्वामींचे पाय तिथे लागले असं हा पंथ मानतो. स्वामी निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभट नावाचा विद्वान स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापाशी ऋद्धपूरला बसला. स्वामी काय बोलले, कुठे बसले, काय जेवले, सगळं विचारून घेतलं. जिथे शंका आली तिथे ज्याच्यासमोर ते घडलं त्याला गाठून खात्री केली. त्यातून लीळाचरित्र झालं, आपल्या मराठीतलं गद्याचं पहिलं मोठं लेणं. त्याच पंथात स्थानपोथीही झाली. स्वामी कोणत्या गावात, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या पडवीत बसले याची नोंद. त्या जागांवर आजही ओटे बांधलेले दिसतात आणि लोक त्यांना माथा टेकतात.

घडलेलं सांगायला जागेची इतकी बारीक नोंद कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर मेंदूत खोलवर, कानाच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या या भागात अशा पेशी सापडल्या की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी बोलायला लागते. या कोपऱ्यात ही, त्या दारात ती. मेंदूतल्या अशा जागा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधांसाठी २०१४ मध्ये त्यांना आणि मोझर पती-पत्नींना मिळून नोबेल मिळालं. आणि ज्या भागात जागांचा हा नकाशा आहे, नेमका त्याच भागाशिवाय घडलेल्या गोष्टींची नवी आठवण बनत नाही. घटना आणि जागा मेंदूत एकाच घरात राहतात. जुन्या वाड्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की मला माझ्या बापाचा खोकला आठवतो, तो का, हे आता कळलं ना? स्थानपोथी रचणाऱ्यांना पेशी ठाऊक नव्हत्या, पण आठवण जागेला बांधून ठेवायची हे त्यांनी केलं.

पुढे घात झाला. खालशाची, म्हणजे सुलतानी फौजेची, धाड आली, महानुभावांची पळापळ झाली आणि त्यात लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. मग शिष्यांनी ती आपल्या आठवणीतून पुन्हा उभी केली. आता एकाच पोथीच्या आठवणी, सगळे श्रद्धावान, सगळे जीव ओतून पाठ केलेले. तरी एकाची लीळा दुसऱ्याच्या लीळेशी शब्दाला शब्द जुळेना. कुठे क्रम वेगळा, कुठे प्रसंग वेगळा.

कुणी खोटं सांगत नव्हतं. धाकटीने डोळे बघितले तसंच हे. बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाचं आठवणींवरचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. त्याने तिकडच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताखेतांची गोष्ट वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर वेळी गोष्ट थोडी इंग्रजी होत गेली. होडक्याची नाव झाली, न समजलेली भुतं गळून पडली, सांधा नव्हता तिथे सांधा आला. कुणाला आपण काही बदललं असं वाटलं नाही. आठवण पेटीतल्या दागिन्यासारखी जशीच्या तशी बाहेर निघत नाही. ती दर वेळी नव्याने घडवावी लागते, आणि सापडला नाही तो तुकडा मन आजूबाजूचं बघून भरतं. वेलस्लीच्या दोन गावांची गोष्टसुद्धा त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी सांगितलेली आहे, तेव्हा तिच्यातही मनाचा थोडा हात असणार, हे धरून चला.

महानुभावांनी मात्र जे केलं त्याला मी फार मानतो. आठवणी जुळेनात म्हणून त्यांनी एक ठेवून बाकीच्या बुडवल्या नाहीत. एकाला असं आठवतं, दुसऱ्याला तसं, हे पोथीतच नोंदवलं. अशा वेगळ्या आठवणीला त्यांनी शब्द वापरला वासना. सातशे वर्षांपूर्वी, छापखाना नाही, प्रयोगशाळा नाही, आणि माणसाची आठवण फसते हे ओळखून दोन्ही सांगणी शेजारी शेजारी ठेवायची. याहून प्रामाणिक काम मी वाचलेलं नाही.

आता कंदिलातलं तेल संपत आलंय. तेवढ्यात एक करा. खाली आजी आणि तिची बहीण अजून जाग्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात दोघी एकाच कामावर खडी फोडायला जात होत्या. त्यांना वेगवेगळं बसवा आणि विचारा: कोणत्या गावाच्या शिवारात काम होतं, कोणत्या झाडाखाली भाकरी सोडायच्या, सुकडी कोण वाटायचं. दोघींचं जुळलं नाही तर भांडण लावू नका आणि खरं कोणाचं तेही ठरवू नका. वहीत दोन्ही लिहा, शेजारी शेजारी, प्रत्येकीचं नाव आणि आजची तारीख घालून.